उभ्या उभ्या

'उभ्या उभ्या आलोय हं, बसणार नाही,' असं म्हणत जो पाहुणा घरात शिरतो, तो दोन तास हलत नाही, हा मराठी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. चहा होतो, पोहे होतात, भाचीच्या लग्नाचं कुठवर आलं ते होतं. मग 'निघतो' म्हणून तो उंबऱ्यात खरोखरच उभा राहतो, आणि खरी महत्त्वाची गोष्ट तिथेच सुरू होते. तेव्हा कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांत रोज सकाळी सगळे उभे राहून मीटिंग करतात आणि ती पंधरा मिनिटांत संपते, असं पुतण्याने सांगितलं, तेव्हा मी नुसता 'बरं' म्हणालो.

२०२० च्या टाळेबंदीत हा पुतण्या लॅपटॉप छातीशी धरून पुण्याहून माणगावला आला आणि आमच्या ओटीवर त्याचं हापिस लागलं. टाळेबंदी गेली, पण अधूनमधून आठ-पंधरा दिवस हापिस अजूनही ओटीवर येतं. रोज सकाळी साडेदहाला ती 'स्टँड-अप' भरते. मी शेजारी पेपर वाचत असतो. कान काही घडी घालून ठेवता येत नाहीत. बारा माणसं, पण उभा एकही नाही. पुतण्या झोपाळ्यावर, एक जण (आवाजावरून सांगतो) अंथरुणात, आणि एकाच्या घरी कुकर उभा होता तेवढाच. प्रत्येक जण पाळी आली की म्हणतो, 'काल त्याच कामावर होतो, आज तेच पुढे नेणार, अडचण काही नाही.' असं बारा वेळा. आरतीत निदान देव तरी बदलतात!

बरं, पंधरा मिनिटं म्हणावीत तर चाळीस होतात. बारा माणसं गुणिले चाळीस मिनिटं म्हणजे आठ तास. एका माणसाचा अख्खा दिवस रोज सकाळी या यज्ञात पडतो. पुतण्या म्हणतो, 'काका, हे थोतांड बंदच केलं पाहिजे.' त्याचा मॅनेजर म्हणतो, मीटिंगशिवाय टीम चालणार कशी? माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी मॅनेजरशी. ही पद्धत ज्या 'स्क्रम' नावाच्या पंथातून आली, त्याची पोथी मी पुतण्याकडून समजून घेतली. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी नवी वस्तू तयार करणाऱ्या चमूला रग्बीच्या खेळाडूंची उपमा दिली. १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी अमेरिकेत एका सॉफ्टवेअर कंपनीत ते नाव आणि ती पद्धत चालवली. (त्याच वर्षी मार्चमध्ये रोहा ते वीर रूळ सुरू झाले आणि आमच्या माणगावात कोकण रेल्वे आली. दोन्हीकडे वेळापत्रक होतंच.) या पंथाची अधिकृत मार्गदर्शिका पंधरा मिनिटांची मर्यादा घालते. ही बैठक काम करणाऱ्यांची, त्यांनी आपसात आजचा बेत ठरवण्यासाठी, असं ती स्वच्छ सांगते. 'काल काय, आज काय, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीतून काढूनसुद्धा टाकले. आणि उभं राहा असं तर त्यात कुठेच नाही! म्हणजे आमच्या ओटीवर रोज जे चालतं ती हजेरी आहे. मी तीस वर्षं कचेरीत काढली आहेत; हजेरीचा वास मला लांबून येतो.

हजेरीत माणूस अडचण सांगत नाही. परवाच्या पावसाळ्यात पुतण्या एका ठिकाणी चार दिवस अडकला होता. जेवणावर लक्ष नाही, रात्री दोनपर्यंत ओटीवर दिवा. पण सकाळी साडेदहाला हा गडी ठणठणीत आवाजात 'नो ब्लॉकर्स' म्हणायचा! मॅनेजर ऐकतोय ना! पाचव्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी नागपूरच्या मुलाचा फोन आला, तेव्हा कळलं की त्याने तीच गाठ महिन्यापूर्वी सोडवली होती. दहा मिनिटांचं काम. चारही दिवस तो मुलगा त्याच मीटिंगमध्ये होता.

आता पुतण्याशी भांडतो. तो म्हणतो, मीटिंगच नको, जो तो आपलं लिहून टाकील. लिही बाबा. काय झालं ते लिहिता येतं. जो माणूस अमेरिकेत झोपलेला आहे त्याला लिहूनच कळवावं, हेही मान्य. पण 'मला हे जमत नाहीये' असं कुणी लिहून पाठवतं का? ते बोलताना घशात अडकतं, आणि समोरच्याला ते अडकणं ऐकू येतं.

आणि उभ्याने बोलणं हा काही अमेरिकेचा शोध नाही. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत सकाळी बांधावर जे होतं ते पाहा. रोपं कोण काढणार, चिखल कुठल्या खाचरात झालाय, आज आधी कुणाची लावायची, पाणी कुणी अडवलंय. पाच मिनिटांत सगळं ठरतं, कारण वरून पाऊस पडत असतो आणि बांधावर बसायला जागा नसते. रेल्वेचंही तसंच. पावसाळ्यात रुळांवर रात्री गस्त असते. दोन गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटतात, वह्या बदलतात आणि उलट फिरतात. तिथे कुणी 'काल मी पण चाललो, आज पण चालणार' असं सांगत नाही. दरड कुठे आहे तेवढंच सांगतात.

पुराव्याशिवाय पुतण्या ऐकत नाही, म्हणून त्याच्याच लॅपटॉपवर शोधून दिला. १९९९ साली ब्लूडॉर्न आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत पाच-पाच जणांचे गट करून काहींना बसवलं, काहींना उभं केलं. बसलेल्यांना ३४ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांचे निर्णय मात्र तसूभरही सरस नव्हते. पाय दुखतात तेव्हा जीभ आखडते, इतकं साधं आहे हे.

मी पुतण्याला तीन गोष्टी सुचवल्या. खरोखर उभे राहा. ज्याला दुसऱ्याकडून काही हवंय किंवा ज्याच्याकडे दुसऱ्याच्या उपयोगाचं काही आहे, त्यानेच बोला. आणि मॅनेजरला म्हणावं, ती पंधरा मिनिटं खाली जाऊन चहा घ्या. तिसरी सूचना ऐकून पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण त्याने धीर करून ती वर कळवली. आश्चर्य म्हणजे मंजूर झाली, पंधरा दिवस प्रयोगादाखल.

मी झोपाळ्यावरून घड्याळ लावून बसलो होतो. नऊ मिनिटं, अकरा, एकदा तर सहा. दुसऱ्याच दिवशी एका मुलीने 'मला हे कळत नाहीये' असं सरळ सांगितलं आणि तिघे मदतीला धावले. पंधरा दिवस सरले. प्रयोग यशस्वी झाल्याचं मॅनेजरने जाहीर केलं, आणि साडेदहाच्या मीटिंगमध्ये काय झालं ते त्याला समजावं म्हणून अकरा वाजता रोज एक नवी मीटिंग ठेवली. ती बसून असते.