मनमाडच्या पुढे मराठवाडा सुरू होतो

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. मनमाडात मात्र तो दिवस इतर दिवसांसारखाच उलटतो. हे मला दरवर्षी खटकतं. निजामाविरुद्धच्या लढ्यात त्याच्या हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीलगत जी शिबिरं होती, त्यांत मनमाड होतं. १९४८ च्या पोलीस कारवाईत औरंगाबादेवर फौजा चालून गेल्या त्याही याच बाजूनं. १४ सप्टेंबरला औरंगाबाद शरण आलं आणि १७ ला खुद्द निजाम. ती सरहद्द त्या दिवशी नकाशावरून पुसली गेली. माणसांच्या जगण्यातून ती अजून गेलेली नाही, आणि याचा जाब विचारायला मनमाडइतकी योग्य जागा दुसरी नाही.

ही सरहद्द लढायांनी आखली. १८०३ मध्ये असईला मराठ्यांचा पराभव झाला. १८१८ च्या एप्रिलमध्ये आपल्या उशाचा अंकाई किल्ला एकही गोळी न झाडता इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाई बुडाली. येवला, नांदगाव, चांदवड कंपनीकडे आले. निजाम इंग्रजांचा दोस्त, म्हणून शेजारचं वैजापूर आणि कन्नड त्याच्याकडेच राहिलं. भाषा एक, सोयरीक एक, बाजारही एकच. पण पुढची सव्वाशे वर्षं राज्यं दोन. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली, आणि सात हालींचे कलदार सहा. माल सरहद्द ओलांडू लागला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात. इकडे मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडलं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून होतं, पण ते हैदराबादेत आणि शिकवणं उर्दूतून.

मनमाड स्टेशनात ही फाळणी डोळ्यांना दिसायची. मुंबईहून येणारे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, निजामाच्या गोदावरी व्हॅली रेल्वेचे एक मीटरचे. ती लाइन १९०० च्या आसपास झाली, आणि तेव्हापासून मराठवाड्याचा मुंबईला जाणारा माल मनमाडला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला. कापसाच्या गाठी, तेलबियांची पोती हमाल पाठीवर घेत, फळीवरून चढत आणि पलीकडच्या वॅगनमध्ये टाकत. प्रत्येक पोत्याची हमाली, त्यात जाणारा दिवस, पावसात भिजलेला माल, हा सगळा भुर्दंड पिकवणाऱ्याच्या माथी. निजाम गेला, भाषावार प्रांतरचना झाली, महाराष्ट्र झाला, तरी हे तसंच चालू राहिलं. रुंद रूळ औरंगाबादेत पोचायला १९९० चं दशक यावं लागलं. त्याला निजाम जबाबदार नाही. चार दशकं आपलंच राज्य होतं.

‘संस्थानी मुलूख, मागासच राहायचा’ हे वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. बडोदा संस्थानच होतं, आणि सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केलं. मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा आला नाही, हे खरं. पण राजानं जे केलं नाही ते लोकांचं राज्य करील, असं वचन दिलं गेलं होतं. मराठी मुलूख एका राज्यात आणण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा अर्थ तोच. कराराला तीस वर्षं झाल्यावर नेमलेल्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा प्रादेशिक अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला. तो भरून काढायला वैधानिक विकास मंडळं आली ती १९९४ मध्ये. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही.

जर्मनीही अशीच दुसऱ्या महायुद्धानंतर चाळीस वर्षं दुभंगलेली होती. १९९० मध्ये ती एक झाल्यावर पूर्वेच्या उभारणीसाठी जर्मन लोकांनी वेगळा अधिभार भरला, तरी पूर्वेतली मजुरी आजही पश्चिमेपेक्षा कमी आहे. एवढं करूनही दरी उरते, तर काहीच न केल्यास काय होतं ते आपण नगरसूलच्या पुढे, मराठवाड्यात, रोटेगावला उतरून पाहावं.

आज ही सरहद्द पाण्यावर उभी आहे. १५ ऑक्टोबरला मराठवाड्यात पैठणला असलेल्या जायकवाडी धरणात ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून ठरलं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आलं. तरी टंचाईच्या वर्षी नाशिक-नगरमधून विरोध उठतो, प्रकरण कोर्टात जातं आणि पैठणच्या खालचा शेतकरी वाट बघत बसतो. नाशिकच्या बागाईतदाराची भीती मी समजू शकतो, द्राक्षबाग एका उन्हाळ्यात जळते. पण गोदावरीचं खोरं एक आहे आणि नियमही सगळ्यांसमक्ष ठरला आहे.

मनमाडकरांना तहान शिकवावी लागत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी येणारा नळ, वागदर्डी धरणाचा उघडा पडलेला तळ आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनाकडे लागलेले डोळे यांतच आपल्या पिढ्या गेल्या. जिल्हा नाशिक असला तरी आपलं दुखणं मराठवाड्याचं आहे. म्हणून यंदा १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ठरल्या मर्यादेच्या खाली असेल, तर कोर्टाची पायरी चढायची वेळ मराठवाड्यावर येऊ देऊ नका. ठरलेलं पाणी वेळेत सोडा, ही पहिली मागणी नाशिक जिल्ह्यातूनच जावी, आणि ती मनमाडकरांनी करावी.