तांब्यावर काचेची नक्षी



इनॅमलची ताटली आपण सर्वांनीच वापरली आहे. तिच्यावरचा गुळगुळीत थर तेलरंगाचा नसतो. ती पत्र्यावर वितळवून बसवलेली काच असते. जयपूरची मीनाकारीही याच जातीची. तांब्याच्या लहानशा तुकड्यावर अशी काच बसवून लॉकेट, कानातले, बटणे करता येतात. भट्टी लागत नाही. सोनार डाग देताना वापरतात तशी गॅसची हातज्योत पुरते.

सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. चिंच-मीठ लावून घासा, धुवा. पाणी थेंब न धरता सलग पसरले, की पत्रा स्वच्छ झाला. मग त्याला बोट लावू नका. तेलकट जागी काच धरत नाही. डिंकाचे पातळ पाणी लावून इनॅमलची भुकटी बारीक चाळणीने सारखी भुरभुरा आणि पूर्ण वाळू द्या. ओल राहिली, तर वाफेने भुकटी उडते.

पत्रा फक्त कडांवर टेकेल अशा लोखंडी तिवईवर ठेवा व ज्योत खालून द्या. भुकटी आधी साखरेसारखी खडबडीत, मग संत्र्याच्या सालीसारखी आणि शेवटी आरशासारखी दिसते. तेथेच ज्योत काढा. इनॅमल साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. म्हणून नजर हटवू नका. निवताना पाणी मारू नका.

इनॅमल मागच्या बाजूलाही द्यावे. ते आधी भाजून घ्यावे. थंड होताना तांबे काचेपेक्षा अधिक आकसते. थर एकाच बाजूला असेल, तर पत्रा वाकतो व काच तडकते.

नक्षीसाठी पहिल्या थरावर काचेचे बारीक धागे किंवा मणी डिंकाने चिकटवून पुन्हा भाजा. फुटलेल्या बांगडीचा मोह होईल. पण तांबे साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट आकसते. त्यामुळे जाड तुकडा पुढे उडून पडतो. तांब्याला जुळणारी काच मागून घ्या.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. घरातल्या कल्हईच्या किंवा डाग दिलेल्या भांड्यावर हा प्रयोग नको. कथील २३२ अंशांनाच वितळते आणि सांधे सुटतात. काही इनॅमलांत शिसे असते, म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्यांना ते लावू नका. भुकटी चाळताना नाकातोंडाला बारीक धूळ रोखणारा मास्क लावा. सुती कपडे घाला, पदर खोचा, डोळ्यांना चष्मा लावा, मुलांना दूर ठेवा. स्वयंपाकाच्या सिलिंडरला नळी जोडून ज्योत करू नका.

सामान थोडेच आणा. पहिली दहा नगे बिघडतील असे धरून चाला. विकायचा विचार असेल, तर तांबे, भुकटी, गॅस आणि बिघडलेले नग यांचा खर्च वहीत मांडा, मगच किंमत सांगा. आपल्या श्रमाचा मोबदलाही त्यात धरायला विसरू नका.