धन्याच्या लेखणीची साक्ष

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातला विल्यम गिल्मोर सिम्स (1806–1870) समर्थ कादंबरीकार होता, हे मला मान्य आहे. ‘द येमासी’ (1835) वाचताना त्याच्या कथनाचे बळ जाणवते. माझा वाद आहे तो त्याच्या चाहत्यांशी. ‘वुडलँड्स’ मळ्यावर तो गुलामांच्या सोबतीने राहिला, म्हणून त्यांचे सुखदुःख त्यालाच खरे ठाऊक, असे ते म्हणतात.

मुरबाड-शहापूरच्या वाचकाला हे तत्काळ खटकावे. उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाची हकिगत आपण भट्टीमालकाच्या वहीवरून ठरवतो का? लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबलेल्या ठाण्यातल्या लग्नगड्याची कथा सावकाराने सांगायची का?

यावर उत्तर येते, ‘तो काळच तसा होता.’ हे सपशेल खोटे आहे. सिम्सच्याच चार्ल्सटन शहरात, त्याच्या एक वर्ष आधी, गुलाम बाळगणाऱ्या घरात अँजेलिना ग्रिम्के जन्मली. 1836 मध्ये तिने दक्षिणेतल्या स्त्रियांना गुलामगिरीविरुद्ध उभे राहण्याचे जाहीर आवाहन केले. त्याच वर्षी सिम्स लग्न करून मळेवाल्याचा जावई झाला. काळ एकच, शहर एकच. निवड ज्याची त्याची. आणि सिम्स नुसता गप्पही बसला नाही, गुलामगिरी नीतीला धरून आहे असे त्याने निबंध लिहून मांडले.

कादंबरीत तर त्याने गुलामाच्याच तोंडून साक्ष वदवली. 1852 मध्ये लिहिलेल्या, पुढे ‘वुडक्राफ्ट’ नावाने निघालेल्या कादंबरीत टॉम नावाचा स्वयंपाकी मिळत असलेले स्वातंत्र्य नाकारतो. खरा टॉम याचे खंडन लिहिणार कसे? गुलामाला लिहावाचायला शिकवणे दक्षिण कॅरोलिनात 1834 च्या कायद्याने गुन्हा होता.

म्हणून सिम्स फेकून द्या, असे मी म्हणत नाही. तो जरूर वाचावा. मालकाचे मन स्वतःची समजूत कशी घालते, हे त्याच्याइतके तपशीलवार फार थोड्यांनी लिहिले आहे. मात्र गुलामांविषयीचा पुरावा गुलामांकडूनच घ्यावा. आपल्या जोतीराव फुल्यांनीही 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते सिम्ससारख्या मालकांना नव्हे, तर गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकनांना. सिम्सशेजारी स्वतः गुलामी सोसलेल्या फ्रेडरिक डग्लसचे 1845 चे आत्मचरित्र ठेवावे. सिम्सने कादंबरीतल्या टॉमला स्वातंत्र्य नाकारायला लावले, त्याच्या चौदा वर्षे आधी, 1838 मध्ये, डग्लस मेरीलंडमधून जिवावर उदार होऊन पळाला होता.