थोडासा द्राक्षारस



माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक रक्तदाब तपासून घ्यायला येत. वय सत्तरीच्या पुढचे; रविवारची प्रार्थना कधी चुकली नाही. "सर, मद्य घेता का?" असे विचारले की ते हसून म्हणत, "डॉक्टर, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलानेच तीमथ्याला दिला आहे." पेल्यात व्हिस्की असे, हे मला ठाऊक होते. तरीही मी हसे आणि केसपेपरवर 'क्वचित' असे लिहीत असे.

एके पहाटे ते न्हाणीघरात पडले आणि मांडीचे हाड मोडले. रुग्णालयात दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, भिंतीवर किडे दिसू लागले. रोजचे मद्य अचानक तुटल्याची ती लक्षणे होती. तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "पेला एकच असतो, डॉक्टर. पण चार वर्षांत तो तीनदा मोठा झाला."

आत्मवंचना अशीच वाढते. शब्द तोच राहतो, माप बदलते. पवित्र वचनही तिच्या कामी येते. 'प्रायश्चित्तकाळात मी चाळीस दिवस सोडून दाखवले आहे,' हा सरांचा दुसरा पुरावा होता. ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीची होती.

बरे वाटू लागल्यावर सरांनी जन्मभराची शपथ घेण्याची तयारी दाखवली. मात्र, 'मला हे एकट्याने जमत नाही' एवढे म्हणण्यास त्यांचे मन धजेना. मला जुन्या करारातील नामान आठवला. कुष्ठरोगातून मुक्त होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्याचा निरोप अलीशाने धाडला, तेव्हा हा सेनापती संतापला. उपाय फार साधा होता. सेवकांनी समजूत घातली, तेव्हा तो पाण्यात उतरला. परमेश्वराचे आज्ञापालन अनेकदा असेच लहान आणि अभिमानाला टोचणारे असते.

अमेरिकेतील ॲक्रन शहरी १९३५ मध्ये डॉ. बॉब स्मिथ आणि बिल विल्सन यांनी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा पाया घातला. स्मिथ स्वतः शल्यचिकित्सक होते. वैद्यकीय ज्ञानाने त्यांना मद्यपाशातून सोडवले नव्हते. या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली आहे हतबलतेची कबुली. पुढे आपली इच्छा ईश्वराच्या हाती सोपवणे आणि आपले दोष दुसऱ्या माणसासमोर उघड करणे या पायऱ्या येतात. दुसरा माणूस समोर असला की पेल्याचे माप लपत नाही.

घरच्यांसाठी काही गोष्टी सांगतो. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. म्हणून पूर्वीइतकेच मद्य आता अधिक चढते. झोपेच्या गोळीसोबत ते घातक ठरू शकते. रोज पिणाऱ्या वृद्धाची बाटली रागाच्या भरात फेकून देऊ नका; अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा आणि त्यांच्या देखरेखीखालीच मद्य सोडवा. प्रवचन देऊ नका. पण पाहुण्यांसमोर पांघरूणही घालू नका. डॉक्टरांकडे जाताना रोजच्या वापरातला पेला सोबत न्या.

सर आता आठवड्यातून एकदा सभेला जातात. मध्यंतरी एकदा घसरले; दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन त्यांनी ते सांगितले. औषधांची यादी लिहिण्याआधी मी त्यांचा जुना केसपेपर काढला आणि 'क्वचित' हा शब्द त्यांच्यासमोर खोडला. तो खोटा शब्द माझ्या अक्षरातला होता.