बांध कोणाचा?

गोव्यातल्या खाजनांविषयी आणि रायगडच्या खारेपाटाविषयी, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतीविषयी, हल्ली दोन तऱ्हेची मते कानावर येतात. पहिले मत अभियंत्यांचे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ठेकेदारांचे : समुद्र चढतोय, मातीच्या बांधाचा जमाना गेला, आता काँक्रीटची भिंत घाला. दुसरे मत निसर्गप्रेमींपैकी काहींचे : ही जमीन मुळात खाडीचीच, तिथे कांदळवन वाढू द्या, माणसाने मागे सरावे. वरवर पाहता ही मते परस्परांच्या विरोधातली आहेत, पण मातीचा बांध हरला हे दोघांनीही गृहीत धरले आहे. माझे म्हणणे असे की बांध हरलेला नाही, त्याला बेवारस केले गेले आहे.

आधी समुद्राचा हिशेब पाहू. आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगभरातली सरासरी सागरपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि 2006 ते 2018 दरम्यान हा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर गेला. हा वेग वाढतो आहे, याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण याच वेगाने दहा वर्षांत चढ किती झाला? चार सेंटिमीटरही नाही. बांधावर दर उन्हाळ्यात मातीचा थर चढवायची रीत चालू होती तोवर एवढी उंची गाव सहज भरून काढत असे. तेव्हा गेल्या तीस-चाळीस वर्षांत फुटलेल्या प्रत्येक बांधाचे खापर हवामानबदलावर फोडणे ही सोयीची पळवाट आहे. समुद्र चढल्याने एवढे मात्र नक्की होते की पूर्वी क्वचित येणारे मोठे उधाण वरचेवर येऊ लागते आणि दुर्लक्षाची शिक्षा लवकर मिळते.

बांध फुटतो कसा, हे जवळून पाहिलेला माणूस भिंतीची भाषा करणार नाही. सुरुवात चिंबोरीच्या किंवा उंदराच्या बिळापासून होते. बीळ आरपार गेले की भरतीचे पाणी त्यातून आत झिरपते, आतल्या अंगाला बोटभर धार दिसते. त्या दिवशी चार पाट्या चिकण आणि पेंढा कोंबून वर पाय दिले तर काम संपते. नाही दिले, तर धारेबरोबर माती जाते, बीळ रुंदावते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथे खांड पडते. एकदा खांड पडली की दर भरतीला ती दोन्ही कडांनी खचत जाते, मग चार पाट्यांचे काम चार होड्यांनीही होत नाही. शेतात खारे पाणी शिरले की पावसाने मीठ धुऊन जाऊन भात पुन्हा नीट उभे राहायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणजे सगळा खेळ पहिल्या दिवसाचा आहे. त्या दिवशी बांधावर कोण होते आणि पाटी उचलायचा अधिकार कोणाला होता, हा खरा प्रश्न आहे.

गोव्यात या प्रश्नाचे उत्तर फार जुने होते. कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकाच्या आसपास, खारे पाणी अडवून जमीन लागवडीला आणण्याची गोष्ट येते. पुढे गावकरीने, म्हणजे कोमुनिदादीने, बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार) आणि आतली मासळी एकाच हिशेबात बांधली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ओहोटीच्या त्या वाहत्या पाण्यात जाळे लावून मासळी धरायचा हक्क लिलावाने दिला जाई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होई. भात जगले तर मासळी, मासळी विकली तर बांध, बांध टिकला तर भात.

ही साखळी तुटली ती कायद्याच्या एका अर्धवट कामामुळे. 1964 चा कूळ कायदा आणि त्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. योग्यच केले. 1975 च्या नियमांनी बांध-मानशीची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली, हेही कागदावर ठीक होते. पण भातातून मिळणारे उत्पन्न घटत गेले, मासळीचा भाव वाढत गेला आणि कित्येक ठिकाणी मानशीचा लिलाव हाच संघटनेचा मुख्य धंदा होऊन बसला. ठेकेदाराला भाताशी देणेघेणे नाही. भरतीला दारे उघडी ठेवली की आत जास्त पाणी येते आणि जास्त मासळीही. ही दारे बनवली होती आपोआप मिटण्यासाठी. ती मिटू नयेत म्हणून आज माणसे अडसर लावतात! मांडवी-झुआरीत खनिजाच्या बार्जनी उठवलेल्या लाटांनी बांधांचे पाय धुऊन नेले, ती भर वेगळीच. यात समुद्राचा दोष कुठे आहे?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘तुम्हाला जुनी गावकरी परत हवी का? त्या व्यवस्थेत बायकांना हक्क नव्हता, बांधावर राबणाऱ्या कुणब्याला वाटा नव्हता.’ आक्षेप खरा आहे आणि खारेपाटात तर त्याला इतिहासाचा आधार आहे. अलिबाग-पेणच्या शिलोत्री जमिनीत बांध राखण्याच्या नावाने कुळाकडून भाताचा हिस्सा घेतला जाई आणि बांधावर राबायचेही कुळानेच. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने 1933 मध्ये चरीला सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप कित्येक वर्षे चालला तो याच पिळवणुकीविरुद्ध. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेही याच मातीतून. मला ना खोत परत हवा, ना गावकार. पण जुलूम करणारा मालक हटवताना बांध राखण्याचे कामही वाऱ्यावर सोडले गेले, ही चूक झाकायला जुन्या जुलमाचे कारण पुढे करू नये. महाराष्ट्रात 1948 आणि 1979 च्या खारभूमी कायद्यांनी ते काम सरकारी खात्याकडे नेले. खात्याने बांधही बांधले, पण खात्याला बीळ दिसत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा होईपर्यंत बिळाची खांड झालेली असते आणि खांडीला मोठे अंदाजपत्रक लागते.

आता काँक्रीट. खाडीकाठची जमीन गाळाची, दरवर्षी थोडी खचणारी. मातीचा बांध तिच्याबरोबर खचतो आणि वरून माती घातली की पुन्हा उभा राहतो. भिंत खचली की तडकते. लाट तिच्या तोंडावर आपटून पायाची माती खरवडते आणि पाणी खालून आत येते. ही खालची वाट वरून कोणालाच दिसत नाही. शिवाय भिंत दुरुस्त करायला गावाजवळ ना यंत्र ना पैसा, म्हणजे पुन्हा ठेकेदाराचीच वाट पाहणे आले. जिथे वस्तीला थेट धोका आहे किंवा उघाडीचा, म्हणजे पाण्याच्या दाराचा, पाया आहे तिथे दगड-सिमेंट वापरा, कोणी अडवले नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला चिरा लावण्याची रीत गोव्यात होतीच.

‘समुद्राला परत द्या’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती, त्यांनी इंग्लंडच्या मेडमेरीचे उदाहरण पुरते सांगावे. तिथे 2013 मध्ये किनाऱ्याचा बंधारा मुद्दाम फोडला. पण त्याआधी आतल्या बाजूला सुमारे सात किलोमीटरचा नवा बांध घालून झाला होता. म्हणजे तिथे माघारही बांध घालूनच घेतली गेली. आपल्याकडे ज्याला ‘निसर्गाकडे परत’ म्हणतात त्यात ना नवा बांध, ना भरपाई, ना गावच्या विहिरी गोड राहतील याची हमी. खांड भरली जात नाही, पाच-सात वर्षांत शेतात तिवरे उभी राहतात आणि मग त्याच शेतकऱ्याला सांगितले जाते की हे कांदळवन आहे, हात लावू नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांना दिलेले संरक्षण मला मान्यच आहे. बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा हवाच, लाटेचा जोर तोच मोडतो. पण बांधाबाहेरचे तिवर आणि बांध फुटल्यामुळे सातबाऱ्याच्या शेतात उगवलेले तिवर यांना एकच माप लावले, तर दुर्लक्ष करणाऱ्यालाच बक्षीस मिळते. त्यात आणखी एक डाव आहे. खारे पाणी शिरलेली जमीन आधी ‘पडीक’ ठरते, मग उद्योगाला स्वस्त मिळते. पेणच्या 22 गावांतल्या शेतकऱ्यांनी 21 सप्टेंबर 2008 च्या जनमत चाचणीत विशेष आर्थिक क्षेत्राला विरोध नोंदवला, तेव्हा आपली जमीन पडीक नाही हेच ते सांगत होते.

मग करायचे काय? दर खाजनाला, दर खारबंदिस्तीला गावाने नेमलेला आणि पगार घेणारा बांधराख्या हवा. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती कोणालाही न विचारता त्याच दिवशी करायची मुभा त्याला हवी. मानशीच्या लिलावाचा ठरलेला भाग आधी बांधाच्या खात्यात जमा झाला पाहिजे आणि भरतीला दारे उघडी सापडली तर ठेका त्याच दिवशी रद्द झाला पाहिजे. हा कारभार पाहणाऱ्या मंडळात कसणाऱ्या बायका आणि मासळी धरणारे बसले पाहिजेत, नाहीतर जुन्या गावकरीतली खोट नव्या नावाने परत येईल. दुरुस्तीची माती कुठून काढायची ते वनखात्याने नकाशावर आधीच आखून द्यावे, दर वेळी फाइल फिरवू नये. आणि खरोखर न वाचणारी जमीन सोडायचीच असेल तर ती जाहीर करून, मोबदला देऊन, आत नवा बांध घालून सोडावी.

किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले होते. येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या खाजनाचा नकाशा मागा आणि त्यावरचा प्रत्येक बांध कोणाच्या नावावर आहे, ते विचारा.