परवाना कोणाचा आणि घर कोणाचे?

घर बांधावयाचे तर कोणाची तरी परवानगी घ्यावी लागते, ही गोष्ट आम्हांस महानगरपालिकेने प्रथम शिकविली, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. नगररचनेचा कायदा जन्मास येण्यापूर्वी कित्येक शतके ती गावगाड्याने आम्हांस शिकविली होती. त्या गावगाड्याच्या अलिखित दंडसंहितेत अस्पृश्याचे कोणकोणते वर्तन अपराध समजले जाई, याची टिपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेविली आहे. तीत डोक्यावर कौले घालणे हाही एक अपराध आहे. वस्ती गावाबाहेर असावी, ती कोणत्या दिशेस असावी, छप्पर कशाचे असावे, हे सारे ठरलेले होते. त्या परवान्यासाठी अर्जाचा नमुना नव्हता, मुदत नव्हती, नकाराचे कारण सांगण्याचे बंधन नव्हते आणि अपील तर नव्हतेच. म्हणून छापील अर्जाचा, मुदतीचा आणि अपिलाचा परवाना आम्हांस नकोसा नाही. तो आम्हांस हवा आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. हा परवाना ज्यांच्यासाठी कायद्याने सोपा केला म्हणून सांगतात त्यांच्या हाती तो पडत नाही, आणि ज्यांना त्याची किंमत मोजता येते त्यांच्यापुढे तो हात जोडून उभा राहतो, ही ती तक्रार होय.

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या खराडीचेच उदाहरण घेऊ. हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत नगर रस्त्याच्या दक्षिणेस इऑनसारखे संगणक-उद्योगाचे संकुल उभे राहिले, जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे उठले, आणि ज्या रानात ज्वारी डोलत होती तेथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती दिसू लागल्या. परंतु याच परिसरात चंदननगरापासून जुन्या गावठाणापर्यंत अर्ध्या-एक गुंठ्यावर उभ्या राहिलेल्या घरांच्या रांगाही आहेत. मनोऱ्यांत काम करणारा शिपाई, रखवालदार, झाडूवाली बाई, गवंडी आणि रिक्षावाला यांची वस्ती अशाच रांगांत असते. एकाच गावात, एकाच महापालिकेच्या छत्राखाली, एकाच नियमावलीने दोन जगे वाढली आहेत.

नियमावली काय म्हणते तेही पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४४ खाली अर्ज करावयाचा आणि कलम ४५ खाली महापालिकेने मंजुरी वा नकार कळवावयाचा. ६० दिवसांत काहीच कळविले नाही तर, बांधकाम नियमांस धरून असल्यास, परवानगी मिळाली असे मानावे, असेही त्याच कलमात आहे. नकार मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. पुढे २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळता जवळजवळ सर्व राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्यास जवळजवळ मोकळीकच दिली आहे : परवानाधारक तज्ज्ञाने सही केलेला नकाशा द्यावा, शुल्क भरावे, पावती घ्यावी आणि कामास लागावे. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडास १० दिवसांत परवानगी. त्या वेळी या तरतुदीचा केवढा गाजावाजा झाला! गरिबाचे घर आता लाल फितीतून सुटले, असे ढोल वाजविण्यात आले.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे खराडीतील गुंठेवाला या सवलतीत सहज बसावयास हवा. मग तो बसतो का? समजा, एखाद्या गवंड्याने आयुष्याची कमाई घालून पंधरा वर्षांपूर्वी एक गुंठा घेतला. त्याच्या हाती बहुधा नोटरी केलेला कागद असतो, किंवा एकाच सातबारावर चढलेल्या वीस-पंचवीस नावांत त्याचे एक नाव असते. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड आल्यामुळे त्याचे स्वतंत्र खरेदीखत होऊ शकलेले नसते. ज्याने शेताचे पट्टे पाडून विकले त्याने रेखांकन मंजूर करून घेतलेले नसते. आता हा गवंडी महापालिकेच्या दारी गेला तर त्यास प्रथम मालकीचा निर्वेध कागद विचारतात, मग मोजणीचा नकाशा विचारतात, मग मंजूर रेखांकन विचारतात. तिन्ही त्याच्यापाशी नाहीत. १५० चौरस मीटरची सवलत दाराच्या आत आहे आणि तो दाराबाहेर आहे! आत आल्यावर पंगतीत सर्वांस सारखेच वाढले जाईल असे सांगणाऱ्या यजमानाने दाराला कुलूप घातले असेल तर त्या समान वाढपाचे कौतुक कोणी करावे?

गुंठेवारीचा कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. २००१ साली तो झाला आणि त्याची मूळची मर्यादा १ जानेवारी २००१ होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. म्हणजे वीस वर्षे जी घरे बेकायदेशीर म्हणून जगली ती एका दुरुस्तीने कायदेशीर होण्यास पात्र ठरली. मग त्या वीस वर्षांत त्यांच्या मालकांनी भोगलेली धास्ती कोणत्या हिशेबात धरावयाची? तुकडेबंदीची अटही शासनाने २०२५ साली सैल केली. ठीक झाले. परंतु नियमितीकरणासाठी पुन्हा नकाशा, पुन्हा मोजणी, पुन्हा प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क. ज्याने हप्त्याहप्त्याने विटा आणल्या त्याला एकरकमी शुल्क भरा म्हणून सांगावयाचे, आणि तो भरू शकला नाही की त्यास नियमभंगाची आवड आहे असे म्हणावयाचे! मध्यंतरी महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली त्याच्याकडून मालमत्ता करावर शास्तीही घेता येते; आणि ती घेतल्याने बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही तेच कलम सांगते. पैसे घ्यावयाचे, पण मान्यता द्यावयाची नाही, हा व्यवहार आमच्या लोकांस अपरिचित नाही.

आता दुसऱ्या जगाकडे वळू. नियमावलीच्या तक्त्याप्रमाणे पुण्याच्या दाट वस्तीबाहेरील भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ आहे. ज्या भूखंडासमोरील रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद आहे त्यास तेवढ्यावरच समाधान मानावे लागते. त्यास अधिमूल्य भरूनही जादा मिळत नाही आणि हस्तांतरणीय विकास हक्कही वापरता येत नाही. रस्ता ३० मीटर वा अधिक रुंद असेल तर हाच निर्देशांक ३ पर्यंत जातो, आणि त्यावर पूरक क्षेत्र निराळेच. हा नियम मुळात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. अरुंद गल्लीत उंच इमारत उठली तर अग्निशामक गाडी आत कशी जाणार, हा प्रश्न खराच आहे. परंतु रस्ता रुंद कोणी करावयाचा? तो विकास आराखड्यात दाखवून जमीन ताब्यात घेणे हे महापालिकेचे काम. मनोऱ्यांकडे जाणारा रस्ता लवकर रुंद होतो. वस्तीतील गल्ली वीस वर्षे कागदावर राहते. मग त्या गल्लीच्या अरुंदपणाचा दंड गल्लीत राहणाराने का भरावा?

अधिमूल्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. बाजारमूल्य दर तक्त्याच्या टक्केवारीने पैसे मोजले की चटईक्षेत्र वाढते. म्हणजे जी गोष्ट विनामूल्य मिळणे लोकहितास घातक, ती मूल्य दिल्यावर निरुपद्रवी होते! गावच्या सांडपाण्याला, रस्त्याला, पाण्याला ती वाढ पेलते की नाही, हा विचार पैशाच्या पावतीमागे दडतो. खराडीसह पुण्याच्या पूर्वभागासाठी भामा आसखेड धरणाची पाणीयोजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तत्पूर्वीच हजारो घरांस परवाने देऊन झाले होते. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असे हमीपत्र विकासकाकडून घेण्याची रीत पुण्यात रूढ आहे; ते हमीपत्र दप्तरात सुरक्षित राहते आणि रहिवाशी टँकरची वाट पाहतो. एका बाजूस हमीपत्रावर शेकडो घरांचे काम चालू होते, दुसऱ्या बाजूस गुंठेवाल्याचे प्रतिज्ञापत्र कोणी वाचीत नाही. लोहगावचा विमानतळ जवळ असल्याने उंचीसाठी संरक्षण खात्याचा ना-हरकत दाखलाही लागतो. पण दुमजली घर बांधणारास ती चिंता नाही. त्याची चिंता जमिनीवरच आहे.

जमिनीचा विषय निघाला म्हणून वतनाचे बोलणे प्राप्त आहे. महारवतन म्हणजे गुलामगिरीचा पट्टा, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. वतने नष्ट होण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. त्या कायद्याने जमीन पूर्वीच्या वतनदारास फेरप्रदान करावयाची, परंतु जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करावयाची नाही, आणि शेतीखेरीज अन्य वापर करावयाचा तर बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा भरावयाचा. जमीन बळकावली जाऊ नये म्हणून हे बंधन, असे सांगितले गेले. हेतू चांगला असेल. प्रत्यक्षात काय घडले? ज्याची जमीन त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी चार खोल्या बांधावयाच्या म्हटले तर निम्मी किंमत सरकारजमा करण्याची त्याची ताकद नसते. आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन येणाऱ्या धनिकास मात्र सारी बंधने ओलांडण्याच्या वाटा दिसतात. खराडीहून पूल ओलांडला की मुंढवा लागतो. तेथील सुमारे ४० एकर महारवतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून २०२५ च्या नोव्हेंबरात केवढे वादळ उठले आणि शासनास चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांस स्मरत असेलच. कोण दोषी हे चौकशी व न्यायालय ठरवील. आम्ही एवढेच विचारतो की, जे बंधन मूळ मालकास घर बांधू देत नाही ते इतरांस अडवीत का नाही?

काही सद्गृहस्थ आम्हांस विचारतील, 'तुम्ही बेकायदेशीर बांधकामाची वकिली करता काय?' मुळीच नाही. विनातपासणी उभ्या केलेल्या भिंतीखाली प्रथम मरतो तो गरीबच. २९ जून २०१९ रोजी पुण्यातच कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्यांच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण मेले. त्यांत लहान मुलेही होती. पण लक्षात घ्या, ती भिंत कोणा गुंठेवाल्याची नव्हती. एका मोठ्या गृहसंकुलाची ती भिंत होती. तेव्हा परवाना म्हणजे सुरक्षितता हे समीकरण परवाना देणारासच सिद्ध करावयाचे आहे. आणि निवारा ही चैन नसून जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली चमेली सिंग खटल्यात सांगितले. तो खटलाही दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता.

मजुरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक हिशेब मागावयाचा राहिला. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेण्याचा कायदा १९९६ साली झाला, आणि नकाशा मंजूर करतानाच तो महापालिकेमार्फत वसूल होऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी उपकर राहिलाच आहे. असे जमलेले हजारो कोटी रुपये देशभर खर्चावाचून पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सरकारांना खडसावले होते. खराडीतील प्रत्येक मनोऱ्याच्या परवान्यात या मजुरांच्या नावाची रक्कम आहे. त्यांपैकी किती जणांची नोंदणी झाली, हे परवान्याच्या फलकावर का लिहीत नाहीत? विकासकाचे नाव, वास्तुविशारदाचे नाव, महारेराचा क्रमांक सारे लिहितात. ज्याच्या डोक्यावर घमेले आहे त्याचे नाव तेवढे नाही.

२०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे पुण्यात निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकाचा कारभार होता. आता सभागृह आहे. खराडीच्या प्रतिनिधींनी तेथे पुढील गोष्टी मागाव्यात. १५० चौरस मीटरखालील किती अर्ज आले, किती स्वीकारले व किती कोणत्या कारणाने परत केले, याची प्रभागवार यादी दर महिन्यास चावडीवर लावावी. गुंठेवारीच्या रेखांकनाची मोजणी महापालिकेने स्वखर्चाने, संपूर्ण पट्ट्याची एकदम करावी; एकेका मालकास भूमी अभिलेखाच्या कचेरीत फिरवू नये. शुल्क हप्त्याने घ्यावे. आणि वतनाच्या जमिनीवर मूळ वतनदाराचे कुटुंब स्वतः राहण्यासाठी घर बांधीत असेल तर त्यास नजराणा माफ व्हावा. हा अधिकार शासनाचा आहे, तेव्हा सभागृहाने तसा ठराव करून शासनाकडे धाडावा.

आमच्या बांधवांसही एक सांगणे आहे. तोंडी नकार घेऊन घरी परतू नका. दलालाच्या हाती कागद देऊ नका. अर्ज लेखी द्या, त्याची पोच तारखेसह घ्या आणि त्या तारखेपासून दिवस मोजा. नकार आला तर त्यातील कारण वाचा आणि ४० दिवसांच्या आत अपील दाखल करा. घर पाडण्याची नोटीस आली तर १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत जवळ ठेवा : किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी, एवढे तरी त्या निकालाने तुमच्या पदरात टाकले आहे. रस्ता, पदपथ वा नदीपात्र यांवरील बांधकामास मात्र त्याचा आधार मिळणार नाही, हेही ध्यानात असू द्या.