मधले तेरा महिने

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी आपल्या भागाच्या प्रगतीची कालरेषा आखून सहाध्यायांच्या कालरेषेशी ताडून पाहतात, तेव्हा त्या क्वचितच जुळतात. तेरचा विद्यार्थी आरंभ प्राचीन तगर नगरीपासून करतो. तेथील कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात नमूद आहे. नळदुर्गचा विद्यार्थी किल्ल्यातील पाणीमहालाला अग्रस्थान देतो. हा आपापल्या गावचा अभिमान झाला. त्यात बिघडत काही नाही.

खरा तंटा होतो तो स्वातंत्र्याच्या तारखेवरून. बार्शी ब्रिटिश मुलखात होती, म्हणून तिकडचा मुलगा १५ ऑगस्ट १९४७ लिहितो. धाराशिव मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते; ते संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. नळदुर्गला तर भारतीय सेना १३ सप्टेंबर रोजीच येऊन पोहोचली होती! अशा वेळी सर्वांसाठी एकच तारीख ठरवून बाकीच्या खोडून टाकण्याचा मोह होतो. तो अनिष्ट होय. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांच्या भयाने कित्येक कुटुंबे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे आश्रयास गेली, आणि सरहद्दीवरील छावण्यांतून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते झुंजत राहिले. तारीख खोडली, की हे सारे तिच्याबरोबर पुसले जाते.

म्हणून दोन्ही रेषा एकाच कागदावर, एकीखाली एक काढाव्यात. आणि त्या तेरा महिन्यांच्या मोकळ्या जागेत काय लिहावयाचे, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांनी आपल्या वाडवडिलांकडून बरेच काही ऐकलेले असते.